शेताच्या पोटातून जाणारा वायू

तुमच्या घरी शेती असेल, तर पावसाळ्याच्या तोंडावर ओटीवर रचून ठेवलेली युरियाची पोती तुम्ही पाहिली असतील. ते पांढरे दाणे हातात घेतले तर जाड्या मिठासारखे वाटतात. पण हे मीठ नव्हे. त्यातला नायट्रोजन हवेतून घेतलेला असतो, आणि त्याला पकडून अमोनिया तयार करण्यासाठी लागणारा हायड्रोजन मिळवलेला असतो नैसर्गिक वायूमधून. अमोनियाचा युरिया करण्यासाठी जो कार्बन डायऑक्साइड लागतो, तोही याच वायूपासून मिळतो. अलिबागजवळच्या थळ येथील कारखान्यात असाच युरिया बनतो. मुंबई हायच्या समुद्रातला वायू उरणच्या किनाऱ्यावर येतो आणि तेथून नळातून थळला जातो.

आता नळ म्हटला की तो कोठून तरी जाणार. समुद्रातून जाईल तोवर कोणाची तक्रार नसते. पण एकदा का तो जमिनीवर आला, की शेकडो किलोमीटर कोणाच्या ना कोणाच्या शेतातूनच त्याला वाट काढावी लागते. शेतात तो कसा घालतात, त्याने शेताचे काय होते, आणि शेतकरी त्याला कधी कधी एवढा विरोध का करतात, हे आज पाहू या.

नळच का हवा?

पहिला प्रश्न तुम्ही हाच विचाराल. घरचा गॅस सिलिंडरमधून येतो, मग हा वायू सिलिंडरमध्ये भरून मालमोटारीने का नेत नाहीत?

याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे. सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. त्यावर थोडा दाब दिला की नेहमीच्या तापमानालाच त्याचा द्रव होतो, आणि द्रव थोड्या जागेत मावतो. सिलिंडर हलवला की आतून पाण्यासारखे डुचमळते ते यामुळेच. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. त्याचा स्वभाव वेगळा. प्रत्येक वायूचे एक क्रांतिक तापमान असते. त्याहून अधिक तापमान असेल तर वायू कितीही दाबा, त्याचा द्रव होत नाही. मिथेनचे हे तापमान आहे उणे ८२ अंश सेल्सिअसच्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या कडक थंडीतही मिथेन वायूच राहणार.

त्याला द्रव करायचेच झाले तर उणे १६२ अंशांपर्यंत थंड करावे लागते. मग त्याचे आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटते. परदेशांतून जहाजाने येणारा वायू असाच द्रवरूपात येतो. गुजरातेतील दहेज येथे २००४ मध्ये आणि आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ येथे २०१३ मध्ये असा द्रव उतरवून घेणारी बंदरे सुरू झाली. तेथे तो द्रव ऊब देऊन पुन्हा वायू करतात, आणि पुढचा प्रवास नळातूनच होतो. दाभोळहून निघणारी एक वाहिनी सह्याद्री चढून कोल्हापूर जिल्ह्यातून कर्नाटकात शिरते आणि थेट बंगळूरला पोहोचते. तिची लांबी सुमारे १,००० किलोमीटर आहे. ती २०१३ मध्ये सुरू झाली. उत्तरेकडे यापूर्वीच, १९८० नंतरच्या दशकात, सुरतजवळच्या हजिऱ्यापासून मध्य प्रदेशातील विजयपूरमार्गे उत्तर प्रदेशातील जगदीशपूरपर्यंत मोठी वाहिनी घातली गेली होती. तिच्यावर पाठोपाठ खतांचे कारखाने उभे राहिले.

पोलाद किती जाड असावे?

नळातून भरपूर वायू न्यायचा तर तो दाबूनच न्यावा लागतो. मोठ्या वाहिन्यांत हा दाब दर चौरस सेंटिमीटरला ९० किलोग्रॅमपर्यंत असतो. मोटारीच्या चाकातला दाब साधारण २ किलोग्रॅम असतो, हे लक्षात घ्या म्हणजे याची कल्पना येईल. (शहरात घरोघरी नळाने जो वायू येतो त्याचा दाब मात्र इतका थोडा असतो की वीस-एकवीस सेंटिमीटर पाण्याचा स्तंभ तो कसाबसा तोलून धरील.)

हा दाब नळाला फोडू पाहतो. नळाची भिंत किती जाड असावी याचा हिशेब तुम्हीही करू शकाल. नळाचा व्यास ७६ सेंटिमीटर धरू. त्याचा एक सेंटिमीटर लांबीचा तुकडा डोळ्यांपुढे आणा आणि तो मधोमध उभा चिरला आहे असे समजा. दोन्ही अर्ध्या भागांना एकमेकांपासून दूर ढकलणारे बल किती? दाब गुणिले व्यास, म्हणजे ९० × ७६ = ६,८४० किलोग्रॅम. जवळजवळ सात टन, आणि तेही केवळ बोटाएवढ्या रुंदीच्या कड्यावर! या दोन भागांना धरून ठेवतात त्या दोन बाजूंच्या दोन भिंती. या कामाचे चांगले पोलाद दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४,९०० किलोग्रॅम ताण आला की कायमचे ताणले जाऊ लागते. त्याला त्या टोकापर्यंत कोणी नेत नाही. ओसाड माळावर फार तर ७२ टक्के, म्हणजे सुमारे ३,५३० किलोग्रॅम ताण चालवून घेतात. आता ६,८४० ला ३,५३० च्या दुपटीने भागा. उत्तर येते ०.९७ सेंटिमीटर. म्हणजे भिंत सुमारे १० मिलिमीटर जाड हवी.

आता एक गंमत पाहा. तोच नळ वस्तीजवळून जाणार असेल तर ७२ टक्क्यांऐवजी ६०, ५० किंवा ४० टक्केच ताण मान्य असतो. ५० टक्के घेतले तर भिंत १४ मिलिमीटर होते, आणि ४० टक्के घेतले तर साडेसतरा. वस्ती किती हे ठरवण्याची रीतही ठरलेली आहे. नळाच्या दोन्ही बाजूंना दोनदोनशे मीटरचा पट्टा धरतात आणि सुमारे १.६ किलोमीटर लांबीत किती राहती घरे येतात ते मोजतात. दहापर्यंत घरे असतील तर माळरान. सेहेचाळीस किंवा अधिक असतील तर दाट वस्ती. मधली असतील तर मधला वर्ग. वाहिनीवर मधून मधून झडपा बसवतात. माळावर त्या तीसेक किलोमीटरांवर एक अशा असतात, तर दाट वस्तीत आठ किलोमीटरांवर.

यातली अडचण तुमच्या ध्यानात आलीच असेल. घरे मोजली ती आजची. नळ राहणार तीस-चाळीस वर्षे. गाव वाढते, माळावर नवी आळी होते, पण जमिनीतला नळ मात्र आपोआप जाड होत नाही! म्हणून वस्ती वाढली की त्या टप्प्यात दाब कमी करणे किंवा नळ बदलणे भाग पडते, आणि नळाच्या अगदी माथ्यावर बांधकाम होऊ न देण्याचा आग्रहही त्यातूनच येतो.

जमीन तुमची, पण...

येथे आपण शेतकऱ्याच्या प्रश्नाकडे येतो. रस्ता किंवा धरण यांसाठी जमीन घेतात तेव्हा ती शेतकऱ्याच्या नावावरून जाते. वायुवाहिनीचे तसे नाही. त्यासाठी १९६२ साली केंद्र सरकारने वेगळा कायदा केला. आसामातले खनिज तेल नळाने बिहारातील बरौनीपर्यंत आणण्याचे काम त्याच काळातले. या कायद्याप्रमाणे जमिनीची मालकी घेत नाहीत, तर केवळ नळ घालण्यापुरता ‘वापराचा हक्क’ घेतात. सातबाराच्या उताऱ्यावर शेतकऱ्याचे नाव तसेच राहते. फक्त इतर हक्कांच्या रकान्यात वाहिनीची नोंद होते.

आधी राजपत्रात सूचना निघते. मग २१ दिवसांच्या आत शेतकऱ्याने हरकत नोंदवायची असते. नेमलेला अधिकारी ती ऐकतो आणि नंतर हक्काची घोषणा होते. एकवीस दिवस म्हणजे पेरणीच्या घाईत कसे निघून जातात ते शेतकऱ्याच्या मुलांना सांगायला नको. राजपत्र काही चावडीवर रोज वाचले जात नाही. म्हणून तुमच्या गावात असे काम निघालेच, तर ती सूचना मिळवून घरच्यांना वाचून दाखवण्याचे काम तुम्ही करू शकता.

नळ पुरल्यावर त्या पट्ट्यात पूर्वीप्रमाणे पीक घेता येते. ज्वारी, भात, ऊस, भाजी, काहीही. मात्र तेथे घर बांधता येत नाही, विहीर किंवा तळे खोदता येत नाही, बंधारा घालता येत नाही आणि झाड लावता येत नाही. मोबदला दोन प्रकारचा असतो. एक म्हणजे उभे पीक, झाडे, बांध, पाइप यांच्या नुकसानीची भरपाई. दुसरा म्हणजे त्या पट्ट्यातील जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के रक्कम. ती मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशाकडे दाद मागता येते.

हे दहा टक्के योग्य की अयोग्य? एक हिशेब करू. पट्टा २० मीटर रुंद आहे आणि तो शेतातून १०० मीटर जातो असे धरा. झाले २,००० चौरस मीटर, म्हणजे सुमारे वीस गुंठे किंवा अर्धा एकर. वर्षानुवर्षे ज्वारी-हरभरा पिकवणाऱ्याला अर्ध्या एकराची दहा टक्के किंमत मिळाली आणि वर्षभराने पुन्हा तेच पीक घेता आले, तर त्याचे फारसे बिघडत नाही. पण रत्नागिरीच्या आंबेवाल्याचे काय? त्याची कलमे तोडली जातात. त्या झाडांचे पैसे मिळतात, पण त्या पट्ट्यात पुन्हा कलम लावता येत नाही. त्याच्या नातवालाही नाही. आणि ज्याचे शेत शहराच्या वेशीवर आहे, त्याच्या जमिनीतला तो पट्टा घरांच्या कामी कधीच येणार नाही. कायदा तिघांनाही एकाच दहा टक्क्यांच्या मापाने मोजतो. हे माप अपुरे आहे असे मला वाटते. शेतकऱ्यांचा राग अनेकदा वायूवर नसून या मापावर असतो.

तामिळनाडूत हेच झाले. केरळातील कोचीपासून एक फाटा मंगळूरला आणि दुसरा बंगळूरकडे नेण्याची योजना होती. बंगळूरकडचा फाटा कोइम्बतूर, तिरुप्पूर, इरोड, सेलम अशा सात जिल्ह्यांतून जायचा होता. हा प्रदेश नारळाच्या बागांचा आणि विहिरींच्या शेतीचा. तेथील शेतकऱ्यांनी जोराचा विरोध केला. २०१३ मध्ये तेथील राज्य सरकारने वाहिनी शेतांतून न नेता महामार्गाच्या कडेने न्यावी असे सांगितले. प्रकरण न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारचे म्हणणे मान्य केले नाही. कोची ते मंगळूर हा ४५० किलोमीटरांचा फाटा मात्र पुरा होऊन जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाला.

तुम्ही म्हणाल, महामार्गाच्या कडेने नेण्यात काय अडचण होती? रस्त्याकडेलाच घरे, दुकाने आणि धाबे दाटलेले असतात. रस्ता पुढे रुंद करायचा झाला तर नळ त्याखाली येतो. वळणेही पुष्कळ. पण रस्ता आखतानाच नळासाठी वेगळी पट्टी राखून ठेवली तर ते साधते. मुंबई ते नागपूर वायुवाहिनीसाठी समृद्धी महामार्गालगतच्या पट्टीचा उपयोग करण्यात आला तो असाच. जुन्या रस्त्यांना ही सोय नव्हती.

माती दोन ढिगांत

आता प्रत्यक्ष काम पाहू. मोजणीदार येतात, खुंट्या ठोकतात, पिकांचा आणि झाडांचा पंचनामा होतो. मग यंत्रे येतात. या क्षणी शेतकऱ्याने बारकाईने पाहावी अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे मातीचे ढीग.

शेताची माती वरपासून खालपर्यंत सारखी नसते. वरचा वीतभर ते हातभर थर म्हणजे शेताचा जीव. कुजलेला पालापाचोळा, गांडुळे, अगणित सूक्ष्म जीव आणि शेतकऱ्याच्या बापजाद्यांनी घातलेले शेणखत, सारे त्यात असते. खाली मांजऱ्या, मुरूम किंवा चुनखडीची माती. चर खणताना हे दोन्ही एकत्र झाले आणि चर बुजवताना मुरूम वर आला, तर त्या पट्ट्यात पुढची कित्येक वर्षे पीक खुरटे येते. उंचावरून पाहिले तर पिकात पिवळसर रेघ ओढल्यासारखी दिसते. म्हणून चांगल्या कामाची रीत अशी की वरची माती आधी काढून एका बाजूला रचायची, खालची दुसऱ्या बाजूला, आणि बुजवताना क्रम उलटा करायचा. आधी खालची, मग वरची. दोन ढीग एकमेकांत मिसळले की काम बिघडले.

दुसरी गोष्ट वजनाची. दहा मिलिमीटर जाडीचा आपला नळ दर मीटरला सुमारे १८५ किलोग्रॅम भरतो. बारा मीटरचा एक तुकडा झाला सव्वादोन टनांचा. तो उचलणारी यंत्रे त्याहून कितीतरी जड. ओल्या काळ्या जमिनीवरून ती फिरली की माती चेपून विटेसारखी होते, मुळांना हवा मिळत नाही, पाणी मुरत नाही. काम झाल्यावर ही माती खोल नांगरून मोकळी करावी लागते. म्हणून ही कामे पाऊस सुरू होण्यापूर्वी उरकावीत हे बरे.

भातखाचराची गोष्ट याहून नाजूक. तुम्ही चिखलणी पाहिली असेल. वर्षानुवर्षे चिखलणी करून खाचराच्या तळाशी एक घट्ट थर तयार होतो. तोच पाणी धरून ठेवतो. चर खणला की तो थर फाटतो. नुसती माती ढकलून चर बुजवला तर पुढच्या पावसात खाचरातले पाणी त्या भेगेतून निघून जाते, आणि शेजारच्या शेतात बांध भरलेले असताना या शेतात भात तहानलेला राहतो. उतारावर तर बुजवलेला चर भुयारी पाटासारखा वागतो. सारे पाणी नळाच्या कडेने धावते आणि माती वाहून नेते. यावर उपाय म्हणजे चरात ठरावीक अंतरावर मातीच्या पोत्यांचे आडवे बांध घालणे आणि खाचराचा तळ पुन्हा दाबून घट्ट करणे. सह्याद्रीच्या उतारांवर हे केल्यावाचून गत्यंतर नाही.

जोड, क्ष-किरण आणि ठिणग्या

बारा मीटरचे तुकडे चराच्या काठाने ओळीने मांडतात. एका किलोमीटरला त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी तुकडे, आणि तितकेच जोड. प्रत्येक जोडावर वेल्डिंगचे अनेक थर चढवतात. सगळ्यांत महत्त्वाचा असतो तो पहिला, अगदी आतला थर. त्यात हवेचा बुडबुडा किंवा मळी राहिली तर वरचे थर कितीही सुबक असोत, जोड कच्चाच.

पण आतले दिसणार कसे? हाड मोडले की डॉक्टर काय करतात? तेच येथे करतात. क्ष-किरण किंवा इरिडियम या किरणोत्सर्गी धातूपासून निघणारे गॅमा किरण जोडातून पाठवून बाहेरच्या फिल्मवर छायाचित्र घेतात. बुडबुडा असेल तेथे किरणांना कमी पोलाद लागते, म्हणून फिल्मवर काळा ठिपका उमटतो. असा ठिपका मर्यादेबाहेर निघाला तर जोड कापून पुन्हा करतात. हे काम चालू असताना दोरी लावून जागा अडवलेली असते. कुतूहल कितीही असले तरी तिच्या आत जाऊ नये.

नळाला कारखान्यातच प्लॅस्टिकसारखे आवरण चढवलेले असते. जोडाच्या जागी ते शेतातच चढवतात. मग एक मजेदार यंत्र येते. उच्च विद्युतदाब दिलेले तारेचे कडे नळावरून सरकवत नेतात. आवरणात टाचणीच्या टोकाएवढे छिद्र असले तरी तेथे ठिणगी उडते आणि यंत्र वाजू लागते.

यानंतर चराच्या तळाशी मऊ माती पसरून, ओळीने उभ्या केलेल्या यंत्रांनी नळ हळूच खाली ठेवतात. नळाच्या माथ्यावर किमान एक मीटर माती राहावी लागते. लाकडी नांगर वीतभर खोल जातो, ट्रॅक्टरचा नांगर हातभर. तेव्हा नांगराला नळ लागत नाही. लागू शकतो तो खोदयंत्राचा दात. आज अशा वाहिन्यांना दुसऱ्यांनी केलेल्या खोदकामाचे भय सर्वांत मोठे आहे.

एक कोडे घालतो. हा सव्वादोन टनांचा तुकडा दोन्ही तोंडे बंद करून नदीत टाकला तर बुडेल की तरंगेल? आर्किमिडीजला विचारा. ७६ सेंटिमीटर व्यासाचा एक मीटर नळ सुमारे ४५५ लिटर पाणी बाजूला सारतो. त्याचे वजन ४५५ किलोग्रॅम. नळाचे वजन १८५, आत दाबाखालचा वायू तीसेक किलोग्रॅम. म्हणजे तो तरंगणार! नदीखालून किंवा सदा पाणी साचणाऱ्या जमिनीतून जाताना नळ उसळून वर येऊ नये म्हणून त्यावर काँक्रीटचा जाड थर चढवतात. हा थर त्याला संरक्षणासाठी नव्हे, तर वजनासाठी दिलेला असतो.

आधी पाणी, मग वायू

नळ पुरला की लगेच वायू सोडत नाहीत. आधी त्यात पाणी भरतात आणि कामाच्या दाबापेक्षा बराच अधिक दाब देऊन चोवीस तास ठेवतात. हवा भरून का तपासत नाहीत? कारण हवा दाबली जाते. दाबलेल्या हवेत ताणलेल्या स्प्रिंगसारखी प्रचंड ऊर्जा साठते. नळ फुटला तर स्फोटच. पाणी जवळजवळ दाबले जात नाही. नळ फुटला तर थोडे पाणी उडते आणि दाब तत्काळ उतरतो. आपल्या नळाच्या एका किलोमीटरला या चाचणीसाठी सव्वाचार लाख लिटरांहून अधिक पाणी लागते. ते कोठून घ्यायचे आणि नंतर कोठे सोडायचे हाही प्रश्नच. भर उन्हाळ्यात गावचे तळे त्यासाठी उपसू देऊ नये, आणि गंज-मातीने गढूळ झालेले पाणी उभ्या पिकात सोडू देऊ नये.

पाणी काढून नळ आतून कोरडा केल्यावर नायट्रोजन भरून हवा घालवतात आणि मगच वायू सोडतात. मिथेन आणि हवा यांचे मिश्रण हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असेल तेव्हाच पेट घेते. नळात हवाच नसेल तर आतल्या आत काही पेटू शकत नाही.

आता उरला एकच शत्रू, गंज. लोखंड गंजते तेव्हा त्याचे अणू इलेक्ट्रॉन सोडून मातीतल्या ओलाव्यात उतरतात. त्यांना बाहेरून इलेक्ट्रॉन पुरवीत राहिलो तर? मग त्यांना आपले सोडण्याची गरजच पडत नाही. जमिनीत पुरलेले धनाग्र आणि बॅटरीसारखा एकदिश प्रवाह यांच्या साहाय्याने सारी वाहिनी ऋणाग्र करून टाकतात. हे तुम्हीही करून पाहा. शाळेच्या प्रयोगशाळेतून जस्ताची पट्टी मागून घ्या. दोन पेल्यांत मिठाचे पाणी घ्या. एकात साधा घासलेला खिळा टाका. दुसऱ्यात तसाच खिळा जस्ताची पट्टी घट्ट गुंडाळून टाका. तीन-चार दिवसांनी पहिला तांबूस झालेला दिसेल, दुसरा जवळजवळ तसाच. जस्ताने आपले इलेक्ट्रॉन देऊन लोखंडाला वाचवले.

बाहेरचा गंज असा थोपवता येतो. आतला मात्र थोपवायचा तर वायू कोरडाच हवा. ही गोष्ट दुर्लक्षिली तर काय होते ते आंध्र प्रदेशात दिसले. पूर्व गोदावरी भागातील नगरम गावात २७ जून २०१४ रोजी पहाटे वायुवाहिनी फुटून आग लागली. वीसहून अधिक माणसे मेली, घरे आणि नारळाची झाडे जळून गेली. त्या वाहिनीतून पाण्याचा अंश असलेला वायू जात होता आणि नळ आतून गंजून खिळखिळा झाला होता. ७२ टक्के, ५० टक्के हे सगळे हिशेब भिंत तेवढी जाड राहिली तरच खरे. म्हणून आज वाहिनीच्या आतून चुंबक बसवलेले यंत्र वायूच्याच रेट्याने पाठवतात. भिंत जेथे झिजून पातळ झाली असेल तेथे चुंबकीय क्षेत्र बाहेर सांडते आणि यंत्र ती जागा टिपून ठेवते.

तुमच्या शिवारातून अशी वाहिनी जात असेल तर बांधावर तिचे खांब असतील. खांबावर दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असतो, तो वहीत उतरवून ठेवा. मिथेनला स्वतःचा वास नसतो. घरोघरी जाणाऱ्या वायूत मुद्दाम वास मिसळतात, पण लांब पल्ल्याच्या वाहिनीत तो नेहमीच असतो असे नाही. तेव्हा नाकावर विसंबू नका. हिरव्या पिकात कारणावाचून एकच तुकडा पिवळा पडून वाळला, साचलेल्या पाण्यातून सारखे बुडबुडे येऊ लागले, कोरड्या मातीतून धूळ उडू लागली किंवा सापासारखा फुसफुस आवाज आला, तर जवळ जाऊन पाहू नका. वारा ज्या बाजूने येत असेल त्या बाजूला दूर व्हा. काडी ओढू नका, बिडी कोणाला ओढू देऊ नका, पंप किंवा ट्रॅक्टर सुरू करू नका. पुरेसे लांब गेल्यावर मग त्या क्रमांकावर कळवा, आणि खांबावरचा किलोमीटरचा आकडा सांगा. तेवढ्यावरून कोणती झडप बंद करायची ते त्यांना कळते.